पिंकास सिनेगॉग

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील जुने ज्यू प्रार्थनास्थळ आणि नाझी वंशसंहारात बळी पडलेल्या बोहेमिया-मोरेव्हियातील ज्यूंचे स्मारक. योजेफोव्ह या पूर्वीच्या ज्यू वस्तीत, जुन्या दफनभूमीला लागून ते आहे. होरोविट्झ घराण्यातील एका धनिकाने १५३५ मध्ये ते बांधवून घेतले. स्त्रियांसाठीचा सज्जा सतराव्या शतकाच्या आरंभी जोडला गेला. छताची गॉथिक जाळीदार घडण देखणी असली, तरी येणाऱ्यांचे लक्ष वेधतात त्या भिंती.

वाच्लाव बोश्तिक व यिर्झी यॉन या चित्रकारांनी १९५४–५९ या काळात या भिंतींवर सुमारे ८०,००० नावे लिहिली. ती कोरलेली नाहीत, हाताने रंगवलेली आहेत. गावानुसार कुटुंबे लावलेली असून आडनाव तांबड्या रंगात आहे. त्यापुढे घरातल्या एकेकाचे नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख येते. मृत्यूची तारीख कळली नसेल, तर ती व्यक्ती हयात असल्याची शेवटची नोंद दिलेली असते. बहुधा ती छळछावणीकडे रवानगी झाल्याचीच. अक्षरे बारीक, ओळी सलग. दुरून नुसती करडी भिंत दिसते. नाव वाचायचे तर जवळ जावेच लागते. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी १९९७ मध्ये येथेच आपल्या आजी-आजोबांची नावे पाहिली. आपले घराणे ज्यू असल्याचे त्यांना त्याच वर्षी कळले होते.

जमिनीतली ओल हे या वास्तूचे जुने दुखणे. भिंतींत ओल चढल्यामुळे १९६८ मध्ये स्मारक बंद झाले आणि साम्यवादी राजवट संपेपर्यंत उघडले नाही. दुरुस्तीला इतकी वर्षे लागावीत, याचे कारण केवळ पाणी असेल असे वाटत नाही. मधल्या काळात नावे नष्ट झाली. १९९२ ते १९९६ मध्ये ती पुन्हा लिहिली गेली. २००२ च्या ऑगस्टमध्ये व्हलताव्हा नदीच्या पुराने भिंती पुन्हा खराब केल्या आणि त्यांची डागडुजी करावी लागली.

वरच्या मजल्यावर तेरेझीन येथील नाझींच्या बंदिस्त ज्यू वस्तीत कोंडलेल्या मुलांची चित्रे आहेत. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेल्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस तेथे मुलांना चित्रकला शिकवत. १९४४ मध्ये आउश्वित्झला नेले जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसांत भरून लपवली. त्या परतल्या नाहीत. चित्रे मात्र युद्धानंतर प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आली.

हे संग्रहालयच स्मारकाची व्यवस्था पाहते. शनिवारी व ज्यू सणांना ते बंद असते. पुरुषांनी डोके झाकून आत जावे, आणि वरच्या मजल्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.