लाल बावट्याचे तीन शाहीर

दहावीतला एक मुलगा मोबाईलवर हार्ड रॉक ऐकतो. परवा त्याने मला ‘सुपरग्रुप’ म्हणजे काय ते समजावलं. आपापल्या जागी गाजलेले कलावंत एकत्र येऊन बँड काढतात, तो सुपरग्रुप. उदाहरण दिलं ‘क्रीम’चं. १९६६ साली एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर एकत्र आले, दोन वर्षांत वेगळेही झाले. मी म्हटलं, बेटा, आपल्याकडे हे १९४४ लाच झालंय.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभं केलं. तेव्हा ते आजच्याइतके मोठे नव्हते, हे खरं. पण एकाची लेखणी, दुसऱ्याचा आवाज अशी जोडी मराठीत पुन्हा जमली नाही असं मला वाटतं.

अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. लोकगीतं त्यांना आई मुनेरबींकडून मिळाली. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग शाहीर. ही माहिती मी जरा जोरातच सांगितली, कारण ‘सर, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता’ हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतोय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं पेटवणारा आवाज एका शेखाचा होता, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं. आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांनाही कुठे ठाऊक आहे म्हणा!

त्या लढ्यातलं अण्णाभाऊंचं गाणं म्हणजे ‘माझी मैना’ ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेला मजूर गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरतो, अशी सुरुवात. मग मुंबईतली भूक आणि बेकारी येते. आणि शेवटी लक्षात येतं की मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला बेळगाव, कारवारचा मुलूख. राजकीय मागणी विरहाच्या गाण्यात घातल्यामुळे ती बाईमाणसांपर्यंत, निरक्षरांपर्यंत पोचली. भाषणांना ते जमलं नसतं.

सरकारला हे कळत होतं. मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली होती. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णाभाऊंनी त्यालाच लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली.

आपला हिंगोलीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, शाळा-कचेऱ्यांत उर्दू. मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार राहिलेच.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ‘माझी मैना’ लावली. रॉकवाला मुलगा शेवटपर्यंत गप्प बसून होता. त्याचे अब्बा-अम्मी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहतो. तास संपल्यावर म्हणाला, सर, ती लिंक पाठवा.