पाण्याचा जिना आणि पायांनी ढकललेली नाव

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उसाचे मळे उभे राहतात. पण ज्या कालव्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो, त्याने शेताचा एक वाफाही भिजवला नाही. तो मालवाहतुकीचा रस्ता होता. खडीच्या चढावर दमणारा घोडा पाण्यावरची कित्येक टनांची नाव एकटा ओढतो, एवढ्या एका हिशेबावर इंग्लंडात असे कालवे खोदले गेले.

हडर्सफील्डचा अरुंद कालवा हा त्यांतलाच एक. लांबी जेमतेम २० मैल; परंतु यॉर्कशायर व लँकेशायर यांच्यामधला पेनाइन डोंगर त्याच्या वाटेत आडवा. पाणी चढावर जात नाही, म्हणून लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही तोंडांना दारे असलेला हौद. नाव आत घ्यावी, मागचे दार लावावे, वरचे पाणी सोडावे. हौद भरतो तशी नाव वर येते. हडर्सफील्डकडून चढताना असे ४२ हौद आणि पलीकडे ॲश्टनकडे उतरताना ३२, एकूण ७४. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६४५ फुटांवर. हौद रुंदीला अवघे सात फूट, म्हणून नावाही तेवढ्याच अरुंद.

माथ्यावर स्टँडेजचा बोगदा, लांबी तीन मैलांहून अधिक. बेंजामिन आउट्रॅम या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे १७९४ साली काम सुरू झाले. पाच वर्षांत पुरे होईल असा अंदाज होता, लागली सतरा. पुढे थॉमस टेलफर्डचा सल्ला घ्यावा लागला, आणि १८११ साली बोगदा खुला झाला. पहार, सुरुंगाची दारू आणि मेणबत्ती एवढ्या सामग्रीवर मजुरांनी हा डोंगर फोडला. सुमारे पन्नास जण त्यात दगावले असे सांगतात.

खर्च वाचवण्यासाठी बोगद्यात घोड्याची वाट ठेवलीच नाही. घोडा डोंगरावरून पलीकडे नेत. आत माणसे नावेवर पाठ टेकून आडवी होत आणि भिंतींवर पाय रेटीत नाव पुढे सरकवीत. भरलेल्या नावेला तीन तास लागत. घोड्याचे काम माणसाच्या पायांवर आले.

आमचे आयुष्य मजुरीच्या वाटाघाटींत गेले, म्हणून येथे एक गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. हे खोदकाम चालू असतानाच, १७९९ व १८०० साली, पार्लमेंटाने मजुरीसाठी कामगारांनी एकत्र येणे गुन्हा ठरवले. तो कायदा १८२४ साली उठला, तोवर बोगदा खोदून तेरा वर्षे झाली होती. भागभांडवलवाल्यांना एकत्र येण्याची मुभा, पहार चालवणाऱ्याला बंदी!

नियती अशी की, १८४९ साली शेजारून रेल्वेचा बोगदा सुरू झाला, आणि त्याचा राडारोडा याच कालव्यातून नावांनी बाहेर काढला होता. कालवाही रेल्वे कंपनीने विकत घेतला. अखेर १९४४ साली कायद्याने तो बंद झाला. हौद बुजले, काही ठिकाणी वर इमारती उठल्या.

पण १९७४ साली काही नागरिकांनी संस्था काढली, हौद उपसायला घेतले, सरकारदरबारी पाठपुरावा केला, आणि २००१ साली कालवा पुन्हा खुला झाला. ज्या पाण्याकाठी एकत्र येणे एकेकाळी गुन्हा होता, ते पाणी माणसांनी एकत्र येऊनच पुन्हा वाहते केले. आउट्रॅम व टेलफर्ड यांची नावे पुस्तकांत आहेत. त्या पन्नासांची नाहीत. कालव्याची लांबी मोजताना एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.