मोट गेली, चप्पल राहिली

कोल्हापुरी चपलेचा इतिहास सांगायला बसलेला माणूस हमखास राजवाड्यातून सुरुवात करतो. शाहू महाराजांनी आश्रय दिला, तालमीतल्या पैलवानांनी मिरवली, मग ती मुंबईला गेली, मग परदेशात. यातलं काही खोटं आहे असं नाही. पण धंद्याचं मूळ शोधायचं तर राजवाडा सोडून विहिरीवर जायला हवं. दक्षिण महाराष्ट्रातल्या चामडं कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या घरांची चूल मुख्यतः पेटती ठेवली ती मोटेने. चप्पल त्या मानाने जोडकाम.

मोट चालताना पाहिलेली माणसं आता थोडी उरली, म्हणून जरा सांगतो. चामड्याची मोठी पखालवजा पिशवी, खाली हत्तीसारखी सोंड. बैलजोडी धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतरत्या वाटेवरून, उतरत गेली की नाड्याने मोट वर यायची, सोंदुराने, म्हणजे सोंडेच्या दोराने, ओढलेली सोंड काठावरच्या थारोळ्यात पाणी ओतायची. दिवसभर हेच. मोठ्या मोटेला जनावराचं आख्खं कातडं लागे. सतत भिजायचं आणि सतत वाळायचं, काठाच्या दगडांवर घासायचं, त्यामुळे मोट फाटायचीच. उसाला पाणी चालू असताना मोट फाटली की शेतकरी चांभाराच्या दारात. ठिगळ लावणं, टाके घालणं, सोंड बदलणं ही कामं बारमाही. शिवाय आसूड, वाद्या, बैलांच्या गळ्यातले घुंगराचे पट्टे. पायताण ज्याला परवडे तो घेई. बायाबापड्या आणि पोरं अनवाणीच असायची, आणि ज्यांच्या हातची ती चप्पल त्यांनाच बऱ्याच गावांत वरच्या आळीतून जाताना ती पायातून काढून हातात घ्यावी लागे.

या कामाचा मोबदला बलुत्याने. खळ्यावर धान्य आलं की चांभाराचा वाटा बाजूला निघायचा, आणि त्या वाट्यात वर्षभराची दुरुस्ती धरलेली असायची. म्हणजे गावगाड्यात चांभाराशी करार होता तो मुख्यतः दुरुस्तीचा. आज आपण बनवणाऱ्याला ‘कारागीर’ म्हणतो आणि दुरुस्त करणाऱ्याला रस्त्यावरचा माणूस समजतो. ही उतरंड अलीकडची आहे. बलुत्याच्या काळात बनवणारा आणि सांधणारा एकच होता.

उतरंड होती ती वेगळ्या जागी. मेलेलं जनावर ओढून नेणं आणि सोलणं महारांच्या गळ्यात. कातडं कमावणं ढोरांचं. शिवणकाम चांभाराचं. तिघेही गावाच्या लेखी अस्पृश्य, आणि तरीही चांभार ढोराला आपल्यापेक्षा खालचा मानायचा, ढोर आणखी कोणाला. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती एका चपलेच्या तळात अशी थरावर थर बसलेली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेली जनावरं ओढू नका, ते मांस खाऊ नका असं सांगितलं, तेव्हा या साखळीची पहिली कडी जाणूनबुजून तोडायला सुरुवात झाली. चपलेच्या कौतुकात हा प्रसंग सहसा येत नाही. माझ्या मते तो शाहू महाराजांच्या आश्रयाइतकाच चपलेच्या इतिहासाचा भाग आहे.

आता ढोराचं काम जवळून पाहू, कारण कोल्हापुरीचा सगळा टिकाऊपणा तिथे ठरतो. मिठात आलेलं कातडं आधी धुऊन भिजवायचं, मग चुन्याच्या कुंडात टाकायचं. चुन्याने केस सुटतात. मग आतल्या बाजूचं मांस खरवडायचं, चुना धुऊन काढायचा. त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा. बाभूळ पूर्वेच्या कोरड्या माळावरची, हिरडा पश्चिमेच्या सह्याद्रीतला. कोल्हापूर आणि बेळगावचा पट्टा नेमका या दोन्हींच्या मध्ये पडतो, आणि हा धंदा इथेच का रुजला याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं म्हणजे म्हशी. सालीच्या पाण्यात मुरलेलं कातडं पुढे कडेने शिवून त्याची पिशवी करतात, आत साल-हिरडा आणि पाणी भरून ती लाकडाला टांगतात. पाणी कातड्यातून झिरपत थेंबथेंब खाली पडतं, खालचं पाणी पुन्हा वर ओततात. मग पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरच्या टोकालाही रस पोचतो. सगळं मिळून महिनाभर तरी जातो. क्रोमच्या क्षाराने हेच काम फार लवकर होतं, पण सालीत कमावलेल्या चामड्याचा जाड, ताठ, घाम पिणारा तळ त्यातून मिळत नाही. टांगलेली भरली पिशवी लांबून मोटेसारखीच दिसते, हे आपलं जाता जाता.

या पट्ट्याला चामड्याशी जोडलेली एक जुनी आख्यायिकाही आहे. बाराव्या शतकातल्या कर्नाटकी कल्याणचे शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, हरळय्या व्यवसायाने चांभार. बसवण्णांनी त्यांच्या नमस्काराला दुप्पट मानाने उत्तर दिलं, त्या ऋणाने दबून हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्याच मांड्यांची कातडी काढून जोडे शिवले. बसवण्णांनी ते पायात घालायचं नाकारून मस्तकी धरले. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि दोन्ही बापांना बिज्जळ राजाने ठार केलं, असं परंपरा सांगते. संत रोहिदासांचं नाव महाराष्ट्राने चर्मोद्योग महामंडळाला दिलं, ते योग्यच. पण अथणी-निपाणीकडचा चप्पल शिवणारा माणूस हरळय्याचंही नाव घेतो, आणि त्याचं कारण भूगोल आहे. १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड मुंबई राज्यातच होते. चपलेला सीमा नंतर आली.

मोटेवर गंडांतर आलं ते शेजारूनच. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर आधीच निघत होते, १९२६ मध्ये पंप निघाला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत इंजिनाचे पंप आणि मग विजेच्या मोटारी विहिरीवर बसल्या. शेतकऱ्याचं भलं झालं. चांभाराचं बारमाही काम आटलं, आणि कामाबरोबर बलुतंही. ज्यांच्या हातात रापी आणि आरी होती त्यांच्यापुढे दोनच वाटा राहिल्या: शहरात जाऊन रस्त्याकडेला बसायचं, किंवा पूर्वीचं जोडकाम मुख्य धंदा करायचा. आपण जिला परंपरागत कोल्हापुरी म्हणतो ती बाजाराची चप्पल, माझ्या मते, या दुसऱ्या वाटेवर वाढली.

वाढली मात्र जोमाने. गावोगावचे घाट होते: कागल तालुक्यातल्या कापशीची मोठ्या कानांची, भारदस्त कापशी, शिवाय पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. अथणी आणि मदभावीकडचं काम नाजूक. विक्री कोल्हापुरात, म्हणून नाव कोल्हापूरचं. म्हशीच्या जाड चामड्याचा तळ, दोन बाजूंना बाहेर आलेले कान, त्यांतून जाणारा पट्टा, अंगठा, पट्ट्यावर वेणी आणि गोंडा. वेणी गुंफायचं काम बहुतेक घरांत बायकांचं. जुन्या पद्धतीच्या चपलेत खिळा नसतो आणि सुती दोराही नसतो. चामड्याचीच बारीक वादी ओली करून टाके घालतात. वाळली की ती आवळते. नवी कोल्हापुरी आठवडाभर चावते आणि मग पायाची होऊन जाते, ते चामड्यातल्या उरलेल्या ताठरपणामुळे.

दुसरी वाट, रस्त्याकडेला बसण्याची, हिच्याबद्दल कोणी फार लिहीत नाही. सरकारी कागदात या माणसांना गटई कामगार म्हणतात. समाजकल्याण खात्याची त्यांना अनुदानावर पत्र्याचे स्टॉल द्यायची योजना आहे, म्हणून शहरांत चौकाचौकांत ते ठोकळे दिसतात. १९३० च्या दशकात बाटाने कलकत्त्याजवळ कारखाना काढला तेव्हापासून तयार बूट स्वस्त होत गेले. पण शिवलेला बूट दुरुस्त होत होता, त्यामुळे मोची टिकून राहिला. त्याचं कंबरडं मोडलं ते चिकटवलेल्या बुटाने. पॉलियुरेथेनचा सोल नुसता कपाटात ठेवला तरी दमट हवेत काही वर्षांत त्याचा भुगा होतो. त्याला टाका घालणार कुठे? भुग्यात आरी धरत नाही.

चप्पल करणाऱ्यांपुढचा प्रश्न चामड्याचा. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. म्हैस सुटली. कर्नाटकाच्या कायद्याने २०२१ पासून तेरा वर्षांखालची म्हैसही सुटू दिली नाही. कमावणारी कुंडं इथे कमी होत गेली आणि आता बरंचसं चामडं तमिळनाडूतून येतं. बाभूळ, हिरडा आणि म्हशी जिथल्या तिथे असल्याने उभा राहिलेला धंदा आज ट्रान्सपोर्टच्या पावतीवर चालतो.

महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून २००९ मध्ये केलेल्या अर्जाला डिसेंबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चार जिल्हे इकडचे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. चार तिकडचे: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमावादात इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन राज्यांनी एका चपलेवर एकत्र सही केली, याची दखल मराठी वर्तमानपत्रांनी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही. दखल घेतली ती प्राडा या इटालियन फॅशन कंपनीची. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर मॉडेलांच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी दिसली, आणि वर्णनात नुसतं ‘चामड्याची सँडल’. गदारोळ झाला, याचिका झाली, उच्च न्यायालयाने ती फेटाळली. डिसेंबरमध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला: दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो.

प्राडाने नाव लपवलं म्हणून आपण चिडलो ते बरोबरच. पण आपण तरी कोणाचं नाव घेत होतो? गावाचं, राजाचं, दुकानाचं. कातडं टांगणाऱ्या ढोराचं नाही, वेणी गुंफणाऱ्या बाईचं तर नाहीच.

महाराष्ट्राच्या महामंडळाने २०२५ मध्ये मानांकित चपलेला क्यूआर कोड लावायला सुरुवात केली. तो स्कॅन केला की करणाऱ्याचं नाव आणि गाव दिसतं. पुढच्या वेळी कोल्हापूरच्या चप्पल लाइनला गेलात तर दोन गोष्टी करा. तळ उलटा करून शिवण बघा. खिळा दिसला तर जोड जागेवर ठेवा. कोड असेल तर स्कॅन करून नाव वाचा, आणि मगच भाव करायचा की नाही ते ठरवा.