गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाचे सागरी मत्स्यालयात रूपांतर

घरगुती गोड्या पाण्याच्या काचटाकीत समुद्राच्या पाण्यासारखे खारे पाणी तयार करून तीत सागरी मासे पाळण्याच्या प्रक्रियेस मत्स्यालयाचे रूपांतर असे म्हणतात. व्यवहारात हे रूपांतर केवळ टाकीचे असते. पाणी, वाळू, उपयुक्त जिवाणू आणि मासे हे सर्व नव्याने उभे करावे लागते. महाराष्ट्रात सागरी मासे पाहण्याची परंपरा किनाऱ्यालगत वाढली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातही मत्स्यालय आहे. बीड जिल्ह्यातील शिरूर कासारसारखी गावे समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत. तेथे समुद्राचे पाणी आणणे शक्य नसल्याने ते घरीच बनवावे लागते.

माशांच्या शरीरातील फरक

गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरते व मासा ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतो. सागरी माशाची स्थिती नेमकी उलट असते. त्याच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे टाकतो. या कारणाने गोल्डफिश, टेट्रा किंवा एंजल यांना ‘हळूहळू सवय लावून’ खाऱ्या पाण्यात नेता येत नाही. तसा प्रयत्न म्हणजे त्यांचा सावकाश केलेला वधच होय. मॉली हा प्रसिद्ध अपवाद आहे. क्षारता थोडी थोडी वाढवत नेल्यास मॉली समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही जगतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग पाण्याच्या टाक्यांत सोडतो, तो गप्पीही बऱ्यापैकी खारे पाणी सोसतो.

जुने मासे दुसऱ्या पालकाकडे सोपवावेत. सिंदफणेत, विहिरीत वा तलावात सोडू नयेत. हौसेखातर आणलेला सकर मासा आज उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

टाकीची तयारी

काच आणि सिलिकॉन तसेच वापरता येतात. रंगीत खडे, लाकडाचे ओंडके व जलवनस्पती मात्र काढाव्या लागतात. लोखंडी झाकण खाऱ्या हवेने गंजते. टाकीत पूर्वी तांबेयुक्त औषध वापरले असल्यास विशेष दक्षता हवी, कारण तांबे खड्यांत मुरून राहते आणि कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांना अल्प प्रमाणातही मारक ठरते. तळाशी चुनखडीयुक्त वाळू घातल्यास सामू टिकण्यास मदत होते.

पाणी व क्षार

मराठवाड्यातील बोअरचे पाणी बेसॉल्ट खडकातून येते आणि बहुधा जड असते. त्यातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या क्षारांशी जुळत नाही, म्हणून शुद्धीकरण यंत्राचे (आरओ) पाणी घेतात. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून अधिक पाणी बाहेर टाकते. टँकरवर दिवस काढणाऱ्या तालुक्यात ही बाब किरकोळ नाही. ते पाणी भांडी किंवा फरशी धुण्यासाठी साठवणे उचित.

स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम क्लोराइड सुमारे ८५ टक्के असते; उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट इत्यादी घटकही माशांना व इतर जिवांना आवश्यक असतात. मिठागरात मीठ पडल्यावर मॅग्नेशियमयुक्त कडवट पाणी वेगळे निघते, त्यामुळे जाडे मीठही अपुरे ठरते. मत्स्यालयासाठीचे तयार सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम लागते. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीस साडेतीन ते पावणेचार किलो. मीठ वेगळ्या बादलीत विरघळवून दिवसभर पाणी हलते ठेवावे आणि नंतरच टाकीत ओतावे. विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५, सामू ८.० ते ८.४ व तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. क्षारता मोजण्यास रिफ्रॅक्टोमीटर अधिक विश्वसनीय असतो.

नत्रचक्र

माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे त्याहून बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. जुन्या गाळणीतील गोड्या पाण्याचे जिवाणू एकदम वाढलेल्या क्षारतेत बहुतांशी निकामी होतात, म्हणून हे चक्र पुन्हा प्रथमपासून सुरू करावे लागते. त्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत टाकी रिकामीच ठेवावी. बहुतेक नवशिके येथेच घाई करतात आणि पहिलेच मासे गमावतात.

उन्हाळा व वीज

बीड परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टाकीतच राहतात. दहावा हिस्सा पाणी उडाले तर ३५ ग्रॅमची क्षारता ३९ च्या आसपास जाते. म्हणून घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, गोड्या शुद्ध पाण्याने रोज भरून काढतात. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यातच ऊन वाढले की तो आणखी घटतो. भारनियमनाच्या काळात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसेल तर काही तासांत टाकी ओस पडू शकते. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालेल असा ठेवल्यास पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते, पण बाष्पीभवनही वाढते.

कायदा व माशांची निवड

प्रवाळ, समुद्रघोडा व समुद्रकाकडी यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यांची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. विक्रेता काहीही सांगो, प्रवाळाचा तुकडा शोभेसाठीही घेऊ नये. त्याऐवजी सच्छिद्र कृत्रिम दगड वापरतात. नवशिक्यांसाठी विदूषक मासा (क्लाउनफिश) योग्य मानला जातो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, आणि असे पैदास केलेले मासे समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा टाकीत सहज रुळतात. शंभर लिटरच्या टाकीत आरंभी एक जोडी पुरते. नवा मासा आणल्यावर पिशवीत टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळून मग त्याला सोडतात. पिशवीतील पाणी टाकीत ओतत नाहीत.