वर्गणीतून अँटवर्पला : डेक्कन जिमखान्याची वाटचाल

ऑक्टोबर १९०६. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचं वारं देशभर घुमत होतं आणि पुणं त्यात आघाडीवर होतं. साहेबाचा जिमखाना कॅम्पात होता, पण तिथं एतद्देशीयांना दार बंद. मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान अशा धर्मवार जिमखान्यांची पद्धत रुळली होती. पुण्यात बाळकृष्ण नारायण भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुठेपलीकडच्या मोकळ्या माळावर आपला जिमखाना उभा केला आणि नाव दिलं ‘डेक्कन जिमखाना’. नावात ना जात, ना धर्म. होता तो फक्त मुलूख. पुढं काही अंशी लोकांच्या वर्गणीवर भारताचा पहिला निवडलेला ऑलिम्पिक संघ बोटीत बसला. जिमखान्याच्या वाटचालीतलं हे प्रकरण सगळ्यांत मोठं. चाहत्यांच्या पैशाचं काय होतं, काय व्हायला हवं, याचा धडाही त्यातच आहे.

पहिली काही वर्षं जिमखान्यानं जे काम केलं ते बाहेरून कोरडं दिसतं. एकीकडं क्रिकेट, टेनिस असे साहेबी खेळ, दुसरीकडं आपले मैदानी खेळ. खो-खो गावोगाव खेळला जायचा, पण प्रत्येक गावचा कायदा वेगळा. १९१४ मध्ये जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधून दिले. पाटी कुठं, खुंट कुठं, वेळ किती, बाद कधी, हे एकदा लिहून ठेवलं की सातारचा संघ आणि नगरचा संघ एका मैदानात उतरू शकतो. खेळाला आधी नियम लागतात, मग स्पर्धा, मग नोंद, आणि पैशाची गोष्ट त्यानंतर निघते. हा क्रम जिमखान्याच्या मंडळींना पटलेला होता, म्हणूनच पुढं लोकांनी त्यांच्या हातात पैसा दिला.

अनवाणी धावणारे

१९१९ साली जिमखान्याच्या क्रीडा-मेळाव्याला अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले. दोराबजी स्वतः केंब्रिजला क्रिकेट, रग्बी खेळलेले. युरोपातली मैदानं, शर्यती, खिळ्यांचे बूट हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं. पुण्यात त्यांना दिसलं ते काही वेगळंच. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावत होती ती बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. पायात काही नाही, खाली खडबडीत रस्ता, शिकवायला कोणी नाही, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. पुढं १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी ही हकिकत सविस्तर सांगितली आहे.

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइडही त्या मेळाव्याला आले होते. अँटवर्पला होणाऱ्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा संघ पाठवावा, हा विचार दोराबजींनी त्यांच्यापुढं मांडला. हिंदुस्थान स्वतंत्र देश नव्हता, त्यामुळं ब्रिटिश ऑलिम्पिक मंडळामार्फत परवानगी काढावी लागली. फेब्रुवारी १९२० मध्ये आंतरराष्ट्रीय समितीचा होकार आला. स्पर्धेला उरले होते जेमतेम सहा महिने.

निवड चाचण्या एप्रिलमध्ये पुण्यातच झाल्या. त्याआधी झालेल्या एका बैठकीतला प्रसंग दोराबजींच्या लिखाणातून आपल्यापर्यंत आला आहे. शंभर यार्डांच्या शर्यतीत पात्र ठरायला किती वेळ धरायचा, असा प्रश्न निघाला. जिमखान्यातल्या एका प्रतिष्ठित सभासदानं सहज सांगितलं, एक ते दोन मिनिटं. इथं मिनिटांचा नाही, सेकंदांच्या भागांचा हिशेब असतो, हे त्यांना कळलं तेव्हा ते थक्क झाले. या किश्श्यावर हसू येतं खरं, पण त्या गृहस्थांची प्रामाणिक अडचण त्यातून दिसते. ज्यांना स्टॉपवॉचची भाषा येत नव्हती, त्यांनीच जगाच्या मैदानात माणसं पाठवायचं अंगावर घेतलं होतं.

वर्गणी

निवडले गेले सहा जण. बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन पैलवान. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी.

आता खर्चाचा प्रश्न आला. बोटीचं भाडं, लंडनमध्ये राहणं-खाणं, प्रशिक्षकाचं मानधन, बूट, कपडे. सहा जणांपैकी कोणाच्याही घरून ही रक्कम उभी राहणं शक्य नव्हतं. सरकारनं काही पैसे दिले, दोराबजींनी स्वतःच्या खिशातून मोठा वाटा उचलला, उरलेल्यासाठी लोकांकडं हात पसरावा लागला. लोकांपुढं केलेल्या आवाहनाला म्हणावा तसा प्रतिसाद आला नाही. लोकमान्यांच्या गणेशोत्सवासाठी पैसा काढायला पुणेकर सरावला होता, पण कोणी एक चौगुले परदेशात धावणार म्हणून पैसे द्यायचे, ही कल्पनाच नवी होती. त्या धावण्यातून आपल्याला काय मिळणार, असा प्रश्न मनात येणं स्वाभाविक होतं.

जिमखान्याचं मोल इथं कळतं. देणगी देणाऱ्याला खेळाडू माहीत नव्हता, पण जिमखाना माहीत होता. निवड चाचणीनं झाली होती, ओळखीनं नव्हे. पैसा संस्थेच्या हिशेबात पडत होता, कोणाच्या घरात नव्हे. जून १९२० मध्ये संघ मुंबईहून बोटीनं निघाला. लंडनला स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानावर काही आठवडे इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव झाला. मातीत घडलेल्या पैलवानांना गादीवरची कुस्ती आणि तिचे कायदे समजून घ्यावे लागले.

अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिम्पिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन पहिले आले. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत शर्यत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. दातारांना शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. बॅनर्जी पहिल्या फेरीतच बाहेर पडले. रणधीर शिंदे मात्र फेदरवेट गटात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डकडून ते हरले आणि चौथे राहिले. पहिल्याच खेपेला पदक एका कुस्तीवर येऊन ठेपलं होतं.

अँटवर्पनंतर देशभराची यंत्रणा लागणार हे स्पष्ट झालं. मद्रासच्या वायएमसीएचे डॉ. नोहरेन आणि हॅरी बक यांनी प्रांतोप्रांती हिंडून ऑलिम्पिक मंडळं उभी केली. १९२७ मध्ये इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन स्थापन झाली; दोराबजी अध्यक्ष, नोहरेन सचिव. जिमखान्यानं उचललेला भार आता राष्ट्रीय संघटनेच्या खांद्यावर गेला. तो तिनं कसा पेलला, याची परीक्षा पंचवीस वर्षांनी झाली.

संस्था नसते तेव्हा

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला आणि ते फ्लायवेटमध्ये सहावे आले. १९५२ पर्यंत संस्थान विलीन झालं होतं. हेलसिंकीसाठी निवड व्हायलाही झगडावं लागलं, आणि निवड झाल्यावर पैसे नव्हते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडं मदत मागितली तेव्हा स्पर्धा झाल्यावर या, असं उत्तर मिळालं, असं सांगतात. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी जमेल तसे पैसे काढले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

खाशाबांनी बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. तो पाळला गेला नाही, आणि त्यावर भांडायला भारताचा एकही अधिकारी आखाड्याजवळ नव्हता, अशी आठवण आजही सांगितली जाते. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं, तर कुस्त्यांचे फड लावून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

या गोष्टीत प्रेमाची कमतरता कुठंच नाही. गाव होतं, प्राचार्य होते, दुकानदार होते. नव्हती ती फक्त संस्था. त्यामुळं मदत कर्ज झाली आणि ते कर्ज खेळाडूच्या मानेवर बसलं. रणधीर शिंद्यांच्या मागं जिमखाना होता. पदक हुकलं तरी त्यांच्यावर कोणाचं घर सोडवायची पाळी आली नाही.

आजचे वारसदार

डेक्कन जिमखाना आपल्या वाटेनं वाढत गेला. टेनिस कोर्टांवर आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धा भरतात, टिळक तलावात पोहायला शिकलेल्या पुणेकरांच्या पिढ्या आहेत, बास्केटबॉलच्या जिल्हा स्पर्धांत जिमखान्याचा संघ असतो. सभासदाची वर्गणी आज मैदानात, पाण्यात आणि दिव्यांत जाते. खेळाडूला परदेशी पाठवण्याचं १९२० चं काम दुसऱ्या संस्थांकडं गेलं. २००१ मध्ये गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांनी सुरू केलेल्या प्रयत्नातून ‘ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट’ उभी राहिली. हॉकीचे माजी कर्णधार वीरेन रस्किन्हा तिचं काम बघू लागले. देणगीदारांचा पैसा घ्यायचा, निवड जाणकारांनी करायची आणि मदत पदकाआधी द्यायची, ही तिची रीत. प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, आहार, परदेशातला सराव असा खर्च त्यातून भागतो. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताला सहा पदकं मिळाली, त्यांतली चार तिच्या पाठबळावरच्या खेळाडूंची.

पुढं अमेरिकेत चाहत्यांच्या वर्गणीनं भलतंच वळण घेतलं. तिथं कॉलेजच्या बास्केटबॉलपटूनं एक पैसाही घ्यायचा नाही, असा दंडक होता. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाची आणि छबीची जाहिरात करून कमावायची मुभा मिळाली. लगोलग प्रत्येक मोठ्या विद्यापीठाच्या चाहत्यांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाचे गट काढले. चाहत्यानं महिन्याला काही डॉलर भरायचे, गटानं खेळाडूशी जाहिरातीचा करार करायचा. कागदावर काम सह्या देण्याचं किंवा एखादा व्हिडिओ करण्याचं. खरा हेतू, पोरानं आपल्याच संघात राहावं.

त्यातून काय झालं ते मायामी विद्यापीठात दिसलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका धनाढ्य पाठीराख्याच्या कंपनीनं बास्केटबॉलपटू नायजेल पॅकला दोन वर्षांचे आठ लाख डॉलर आणि मोटार देऊ केली. लगेच त्याच संघातल्या आयझायाह वाँगच्या एजंटानं जाहीर केलं की आमचा आकडा वाढला नाही तर आम्ही दुसऱ्या विद्यापीठात जाऊ. वाँग राहिला, आणि पुढच्या वर्षी मायामी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत पोहोचली. फ्लोरिडात मात्र फुटबॉलच्या जेडन रशाडाला चाहत्यांच्या गटानं देऊ केलेला १ कोटी ३८ लाख डॉलरहून मोठा करार मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, आणि सहाशे डॉलरवरचा बाहेरचा प्रत्येक करार तपासणीला पाठवणं बंधनकारक झालं. म्हणजे आधी पैसा आला, हिशेब आणि नियम चार वर्षं मागून धावत आले.

डेक्कन जिमखान्याचा क्रम नेमका उलटा होता. नियम बांधले, स्पर्धा भरवल्या, चाचणी घेतली आणि मग लोकांपुढं हात पसरला. पैसा कमी पडला, शंभर यार्डांचा हिशेबही चुकला, पण ज्याच्यासाठी पैसा मागितला तो कोण आणि का निवडला, हे देणाऱ्याला विचारता येत होतं. आज आपल्या गल्लीतल्या, तालमीतल्या, कॉलेजातल्या एखाद्या मुलीसाठी मोबाइलवर मदतीचं आवाहन येतं आणि आपण पाचशे रुपये पाठवून मोकळे होतो. पाठवावेत. पण त्यासोबत तिच्या जिल्हा संघटनेला तीन प्रश्नही विचारावेत : निवड कशी झाली, पैसा कोणाच्या खात्यात जातो, आणि ती हरली तर तिच्याकडून काही परत मागणार का. या तिन्हींची सरळ उत्तरं देणारी संघटना प्रत्येक जिल्ह्यात असेल, तर पुढच्या खाशाबाला पदकानंतर फड लावून कर्ज फेडावं लागणार नाही.