शाळेंतून परत पाठविलेलीं मुलें

शंभर शरद पाहण्याचा आशीर्वाद देणाऱ्या आपल्या पूर्वजांनींच शरदास वैद्यांची माता म्हटलें आहे. या दोन उक्तींत विरोध नाहीं. रोग आणणारा हा ऋतु सुखरूप पार पडला म्हणजे वर्ष पदरांत पडलें, असाच त्यांचा अनुभव असला पाहिजे. अमेरिकेंत तर हाच ऋतु शाळा उघडण्याचा. उन्हाळ्यांत पांगलेलीं मुलें सप्टेंबरांत एका छपराखालीं येतात, आणि एकाची खरूज किंवा दुसऱ्याच्या उवा पाहतां पाहतां साऱ्या वर्गाच्या होतात. अशा वेळीं शाळेनें काय करावें, या प्रश्नाचें एक उत्तर न्यूयॉर्क शहरीं १९०२ सालच्या शरदांत मिळालें. त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यापूर्वींचें उत्तर सोपें होतें : रोगी मूल घरीं पाठवावें. घटसर्पाच्या सांथीनंतर बोस्टन शहरानें १८९४ सालीं शाळा तपासण्यासाठीं डॉक्टर नेमले. न्यूयॉर्कनें १८९७ सालीं तोच मार्ग धरला आणि दीडशें डॉक्टर कामास लावले. पुढें १९०२ सालीं ही तपासणी अधिक कडक झाली. डॉक्टर मुलांचे डोळे व डोकीं पाहत, आणि खुपऱ्या, गजकर्ण, खरूज किंवा उवा आढळल्या कीं मुलाच्या हातीं चिठ्ठी देऊन त्याला घरीं धाडीत. त्या वस्तींतील पुष्कळ आईबाप युरोपांतून नुकतेच आलेले. त्यांना इंग्रजी चिठ्ठी वाचतां येत नसे, आणि वाचली तरी पुढें काय करावें हें सांगणारें कोणी नसे. वर्गांतून काढलेलें मूल सायंकाळीं त्याच सोबत्यांशीं रस्त्यावर खेळे. अर्थात् संसर्ग थांबत नसे. बुडे ती केवळ विद्या.

हा दोष जिच्या ध्यानांत आला ती लिलियन वॉल्ड. १८९३ सालीं ती व तिची मैत्रीण मेरी ब्रूस्टर या दोन परिचारिका गरिबांच्या वस्तींत राहावयास गेल्या. तेथें तिला लुई नांवाचा बारा वर्षांचा मुलगा भेटला. डोक्यावरील इसबामुळें शाळेनें त्याला प्रत्येक वेळीं परत पाठविलें होतें. वॉल्डनें दवाखान्यांतील साधें मलम नीट लावविलें. सप्टेंबरांत तो आयुष्यांत प्रथमच शाळेंत बसला, आणि दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत पांच जिने धांवत चढून नुकतेच शिकलेले शब्द तिला म्हणून दाखवूं लागला. सारी उणीव होती ती मलम नेमानें लावणाऱ्या हाताची. लंडनमध्यें एमी ह्यूज या परिचारिकेनें १८९२ सालींच ड्र्यूरी लेन भागांतील शाळेंत जाऊन अशीच शुश्रूषा आरंभिली होती.

१९०२ सालीं वॉल्डनें शहराच्या अधिकाऱ्यांस सुचविलें, कीं एक महिना एक परिचारिका आम्ही देतों; प्रयोग साधला तर पुढें तिचें वेतन शहरानें द्यावें. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस लिना रॉजर्स हिनें चार शाळांचें काम हातीं घेतलें. किरकोळ दुखण्यावर ती शाळेंतच उपचार करी व मुलाला वर्गांत परत बसवी. ज्यांना घरीं ठेवणें भागच होतें त्यांच्या घरीं जाऊन, डोकें कसें धुवावें आणि मलम कसें लावावें हें ती आयांना प्रत्यक्ष करून दाखवी. महिन्याभरांत शहराची खात्री पटली आणि आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. १९०२ च्या सप्टेंबरांत १०,५६७ मुलें घरीं पाठविलीं गेलीं होतीं. १९०३ च्या सप्टेंबरांत हा आंकडा १,१०१ वर आला.

या आंकड्यांचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. एका वर्षांत दहांपैकीं नऊ मुलांचा रोग नाहींसा झाला, असें त्यांवरून ठरत नाहीं. हे आंकडे रोगाचे नसून हकालपट्टीचे आहेत. मूल रोगी असलें तरी उपचार चालू आहेत अशी खात्री असल्यास पुष्कळदां त्याला वर्गांत ठेवतां येतें, एवढेंच ते सांगतात. आणि आमच्या मतें रोग हटल्याच्या वार्तेपेक्षां ही गोष्ट अधिक मोलाची आहे. मुलाला बाहेर काढण्यास अधिकार पुरतो. त्याला आंत ठेवावयाचें तर कोणींतरी त्याच्या घरापर्यंत चालत जावें लागतें.

आपल्याकडेहि २०१३ सालीं पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या पथकांत डॉक्टरांबरोबर परिचारिकेचीहि योजना असून, पथकानें वर्षांतून एकदां शाळेंत जाऊन मुलें तपासावीं असा नियम आहे. योजना चांगलीच आहे. परंतु तिचें माप घेणाऱ्यांनीं किती मुलें तपासलीं एवढेंच विचारून थांबूं नये. तपासणीचा कागद घेऊन मूल घरीं गेलें, त्यानंतर त्याच्या आईला तो कागद कोणीं समजावून दिला, हेंहि विचारावें. न्यूयॉर्कमध्यें डॉक्टर आधींपासूनच होते, आणि तरीहि लुई बाराव्या वर्षापर्यंत शाळेबाहेर राहिलेला होता.