त्याच टेपची दुसरी रेकॉर्ड

रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासत आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला, आईवडिलांच्या दिवाणखान्यात, जॅझ रेकॉर्ड करत. 1950च्या दशकातल्या ब्लू नोट कंपनीच्या कितीतरी रेकॉर्ड्स याच खोलीतल्या. टेपवरचा आवाज लॅकरच्या तबकडीत कोरायचं कामही ते स्वतःच करत आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत ‘आरव्हीजी’ अशी आद्याक्षरं उमटवत. आजही जुनी ब्लू नोट घेणारा आधी तबकडी उजेडात तिरपी धरून ती अक्षरं शोधतो. शेजारी कानाच्या आकाराची खूण दिसली, की प्रेसिंग प्लॅस्टिलाइट कारखान्यातलं. मग किंमत कुठच्या कुठे जाते.

मात्र टेपवरचं सगळंच व्हॅन गेल्डर चरात उतरवत नसत. त्या काळच्या घरगुती प्लेयरवर दणदणीत खर्ज आला की सुई चरातून उडायची. म्हणून ते खर्ज थोडा छाटत, आवाजाचे चढउतार आवळत. जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’च्या (1957) जुन्या प्रेसिंगवर ली मॉर्गनचा ट्रम्पेट अंगावर येतो, पण पॉल चेंबर्सचा डबल बास मागे राहतो.

दर्दींसाठी खास रीइश्यू काढायची प्रथा अमेरिकेत रुजली ती 1970च्या दशकात. 1973च्या तेलसंकटाने व्हिनाइल महागलं होतं. बाजारात पातळ, खरखरणाऱ्या रेकॉर्ड्स येत होत्या. 1977च्या सुमारास ब्रॅड मिलर यांच्या मोबाइल फिडेलिटीने मूळ मास्टर टेप मिळवून त्या नव्याने कोरून घ्यायला सुरुवात केली. स्टॅन रिकर टेप निम्म्या वेगाने चालवत आणि कोरण्याचं यंत्रही निम्म्या वेगाने फिरवत. त्यामुळे 10,000 हर्ट्‌झचा स्वर कोरणीपाशी 5,000चा होऊन येई आणि झांजेची बारीक किणकिण कोरायला तिला दुप्पट वेळ मिळे. दाबायचं काम जपानमध्ये, जेव्हीसीकडे.

2019पासून ब्लू नोटच्या ‘टोन पोएट’ मालिकेत केविन ग्रे त्याच जुन्या टेप पुन्हा कोरताहेत. त्यांच्या ‘ब्लू ट्रेन’वर चेंबर्सचं बोट तारेवरून सुटताना ऐकू येतं. पण टेपलाही वय असतं. मूळ प्रेसिंग कोरलं तेव्हा ती ताजी होती आणि ट्रम्पेटची ती धार मला अजून पहिल्या प्रेसिंगवरच मिळते. बाससाठी मात्र मी नवीच लावेन.

कधी जुनी रेकॉर्ड सरळसरळ चुकीची असते. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या (1959) पहिल्या बाजूचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा मास्टरचं टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. साहजिकच योग्य वेगाने वाजवल्यावर तिन्ही रचना चढ्या सुरात ऐकू येत. दुसऱ्या यंत्रावरच्या जादा टेपवरून 1990च्या दशकात ही चूक सुधारली. तोवर अनेक वादकांनी त्या रचना चढ्या सुरातच कानात साठवल्या होत्या. इथे मूळ प्रेसिंगचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही.

2022 साली उघड झालं, की मोबाइल फिडेलिटी बरीच वर्षं टेप आणि चर यांच्यामध्ये डिजिटल टप्पा वापरत होती. त्याच रेकॉर्ड्स संपूर्ण अ‍ॅनालॉग समजून लोकांनी वाखाणल्या होत्या. माझ्या मते त्यांचे कान चुकले नव्हते, आवाज चांगलाच होता. पण एवढे पैसे मोजणाऱ्यापासून ती वाट लपवणं गैर होतं. प्रकरण कोर्टात गेलं, पैसे परत करावे लागले. तेव्हापासून कंपनी प्रत्येक रेकॉर्डमागे कोणती टेप होती आणि ती कोणत्या टप्प्यांतून गेली, हे सांगू लागली.